अण्णांचा आउटलुक

हनुमंतअण्णांनी आयुष्यात एक सळईसुद्धा वेळेवर घेतली नाही की विकली नाही. आणि तरीही चामराजपेटच्या आमच्या गल्लीत लोखंडाच्या भावाबद्दल शेवटचा शब्द त्यांचाच असायचा. माणसं एवढी भोळी कशी असतात हे मला आजवर कळलेलं नाही. घर बांधायला काढलेला माणूस आधी जोशाला विचारायचा, मग अण्णांना. जोशी दक्षिणा घेई, पण मुहूर्त तरी देई. अण्णा फुकट सल्ला देत आणि मुहूर्त मोडून टाकत.

आम्ही त्यांचे भाडेकरू. ह्यांना बंगळूरला सरकारी कारखान्यात इंजिनियरची नोकरी लागली तेव्हा कोरियातलं युद्ध चालू होतं. हे मला आठवतं, कारण घर बघायला गेलो तेव्हा अण्णांनी भाडं सांगायच्या आधी कोरिया सांगितला होता. पुढच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. मागच्या भागात अण्णा आणि त्यांची विधवा बहीण गोदक्का राहत. अण्णांची बायको कधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा मराठी फौजेबरोबर आलेलं आणि इथंच राहून गेलेलं त्यांचं घराणं. मराठी बोलत, पण त्यात अर्धं कानडी. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, नळाला पाणी नाही. अण्णा म्हणाले, "स्वल्प तडीरी." म्हणजे, जरा थांबा. पाणी दुसऱ्या दिवशी आलं. त्या माणसाचं सगळं आयुष्य त्या दोन शब्दांत होतं, पण हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

दिसायला माणूस मोठा भारदस्त. उंच, सडसडीत, काळा बंद गळ्याचा कोट, डोक्याला जरीच्या काठाचा रुमाल, दोऱ्याला बांधलेला चष्मा. कुठल्याशा हिशेबखात्यातून लवकर पेन्शन घेतलं होतं आणि सिटी मार्केटजवळच्या एका दुकानात त्यांची चार आण्यांची भागीदारी होती. त्या दुकानात काय मिळे? खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे आणि फार तर विहिरीची कप्पी. पण त्या बिजागऱ्यांच्या बळावर अण्णांनी जगातलं सगळं पोलाद आपल्या अखत्यारीत घेतलं होतं.

सकाळी आंघोळ, संध्या झाली की ते जगलीवर, म्हणजे घरापुढच्या कट्ट्यावर, येऊन बसत. हातात इंग्रजी पेपर. तोही समोरच्या वकिलांकडचा, आदल्या दिवशीचा. पहिल्या पानाकडे ते ढुंकूनसुद्धा बघत नसत. पंतप्रधान कुठं गेले, कुठं पूर आला, ह्याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. आत कुठंतरी व्यापाराचं पान असे, त्यात परदेशातल्या धातूंच्या बाजाराच्या चार ओळी असत. त्या ते मोठ्यानं वाचत. मग चष्मा काढत, कोटाच्या टोकानं पुसत आणि गल्लीला उद्देशून म्हणत, "आउटलुक फर्म आहे," म्हणजे भाव चढणार. कधी म्हणत, "आउटलुक ईझी आहे," म्हणजे उतरणार. ह्याहून तिसरं काही मी ऐकलं नाही. फर्म असो की ईझी, सल्ला मात्र एकच: स्वल्प तडी.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर अण्णांचा थोरपणा ध्यानात यायचा नाही. त्या काळी आपल्याकडे लोखंडाचा भाव सरकार ठरवी. लंडनमध्ये आग लागो नाहीतर अमेरिकेत सोन्याच्या धारा लागोत, परमिटावर मिळणाऱ्या सळईचा भाव दिल्लीहून हुकूम सुटल्याशिवाय पैशानंही हलत नसे. अडचण भावाची नव्हतीच. अडचण होती ती माल मिळण्याची. अर्ज करा, खेटे घाला, वर्ष वर्ष वाट बघा, मग परमिट येई. ते आलं की लोक चपला पायात सरकवायलाही न थांबता माल उचलायला पळत. भाव चढे-उतरे तो काळ्या बाजारात, आणि तिथं तो बहुतेक चढाच असे. म्हणजे जिथं भविष्य सांगण्यासारखं काही नव्हतं तिथं हा माणूस रोज सकाळी भविष्य सांगत बसे, आणि लोक ऐकत. पलीकडच्या गल्लीतल्या एका शाळामास्तरांनी अण्णांच्या सांगण्यावरून परमिटाचा माल उचलला नाही. बाजार ईझी होणार होता ना! परमिटाची मुदत टळली. मास्तर जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिले, आणि रस्त्यात भेटले की अण्णांना नमस्कार करत राहिले. ह्या दोघांत जास्त मूर्ख कोण हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

पण मास्तरांचं जाऊ दे. खरं पाप अण्णांनी घरात केलं.

गोदक्काच्या नवऱ्यानं बसवनगुडीच्या पलीकडे एक लहानसा प्लॉट घेऊन ठेवला होता. भिंती खिडक्यांच्या वरपर्यंत आणल्या आणि तो गेला. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, वर आभाळ. गोदक्का आपल्या पाटल्या मोडून परमिटाचा माल सोडवून आली होती. स्लॅब घालायच्या सळया बैलगाडीतून आमच्या परसात आल्या त्या दिवशी तिनं त्यांना हळदीकुंकू वाहिलं. मी खिडकीतून बघत होते. मला म्हणाली, "काय गं पुणेवाली, हसतेस? माझं छप्पर आहे ते." सळया तिकडे उघड्यावर राहिल्या तर चोरीला जातील, म्हणून इकडे ठेवल्या होत्या. गवंडी ठरला होता. आठ दिवसांत काम सुरू व्हायचं होतं.

अण्णा जगलीवरून उठून परसात आले, सळयांकडे बघितलं, एक सळई काठीनं वाजवून पाहिली आणि म्हणाले, "गोदे, स्वल्प तडी."

"का हो अण्णा?"

"कोरियात युद्ध आहे. सगळ्या जगाला पोलाद पाहिजे. आउटलुक फर्म. आत्ता हे सिमेंटात पुरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. भाव अजून वर जाऊ दे. मग हे विकू, आलेल्या पैशात नवीन परमिट काढू, आणि तुला दोन मजली घर बांधून देतों."

"मला दोन मजले नकोत," गोदक्का म्हणाली. "मला एक दार पाहिजे. आतून कडी लावायला."

अण्णांना हे कळलं नाही. कसं कळेल? त्यांच्या घरातलं प्रत्येक दार त्यांचं होतं. गोदक्का स्वयंपाकघरात निजायची. पहाटे कॉफीसाठी हाक आली की उठायची, आणि रात्री अण्णा ताक पिऊन उठल्याशिवाय तिला पाठ टेकायला मिळत नसे. दिवसात एक घटका अशी नव्हती की कुणी "गोदे" म्हणून हाक मारणार नाही.

कोरियातलं युद्ध संपलं. पेपरातले भाव पडले. आता पडत्या बाजारात कुणी विकतं का? स्वल्प तडी. मग सुएझचा कालवा बंद झाला, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली. अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी पायसम करायला सांगितलं. गोदक्कानं केलं. मला वाटीभर आणून दिलं आणि म्हणाली, "कुठला तो कालवा, बंद झालाय म्हणे. माझं घरही बंदच आहे." चढत्या बाजारातही अण्णा विकायला तयार नव्हते, कारण उद्या आणखी चढेल. कालवा उघडला. पुढं अमेरिकेत पोलाद कारखान्यांचा मोठा संप झाला. पुन्हा फर्म. संप मिटला. पुन्हा ईझी. जगात कुठंही काही झालं की त्याचं एकच फळ निघे: गोदक्का आमच्या मागच्या स्वयंपाकघरातच.

एकदा ह्यांनी न राहवून सांगितलं, "अण्णा, सळया गंजतायत. भाव चढेपर्यंत सळई उरायला नको का?"

अण्णा दयेनं हसले. "तुम्ही कारखान्यातले, राव. तुम्हाला लोखंड कळतं. मला मार्केट कळतं."

हे घरात येऊन मला म्हणाले, "ह्या माणसाशी पुन्हा बोलायला लावू नकोस." मी लावलं नाही. पण मी स्वतः बोलत राहिले. मी म्हणायची, "अण्णा, आज लंडन काय म्हणतंय?" ते गंभीरपणे उत्तर द्यायचे. टोमणा त्यांना लागतच नसे. अंगाला तेल लावलेल्या पैलवानावर हात ठरत नाही, तसं.

एका थंडीत मात्र गंमत झाली. परमिटाचा माल घरासाठी वापरला की दडपून ठेवला, हे बघायला पुरवठाखात्याचा इन्स्पेक्टर चामराजपेटात फिरतोय अशी बातमी आली. अण्णांची पाचावर धारण बसली. दोन दिवस आउटलुक नाही, पेपर नाही. मग त्यांनी स्वतः कोट काढून ठेवला, धोतर खोचलं, आणि त्या सगळ्या सळया उभ्या-आडव्या बांधून परसात मांडव उभा केला. गोदक्काला म्हणाले, "अवरेचे वेल चढव." कुंपणाला अवरेकाईचे, म्हणजे पावट्याचे, वेल होतेच. भावाबहिणीनं दिवसभर खपून ते ओढून मांडवावर चढवले. बिचाऱ्या वेलांना काय, आधार मिळाला की झालं. वर्षानुवर्षं गोदक्काच्या छपरासाठी खोळंबलेलं लोखंड शेवटी शेंगांच्या कामी आलं.

इन्स्पेक्टर आला. तरुण पोरगा, दमलेला. त्यानं मांडवाकडे बघितलं, मग वेलांकडे, मग अण्णांकडे.

"इदेनु सामी?" म्हणजे, हे काय?

"अवरेकाई," अण्णा म्हणाले. "हिचं पीक स्वल्प जड असतं."

पोरानं हसू आवरलं. गोदक्कानं त्याला जेवायला वाढलं, सोललेल्या अवरेबेळेचं सारू, म्हणजे पातळ आमटी, आणि भात. दोनदा मागून घेतलं त्यानं. जाताना म्हणाला, "अम्मा, असं सारू आमच्या घरीही होत नाही." आणि काही न लिहिता निघून गेला. अण्णा तेव्हापासून सांगत सुटले की सरकारी माणसाला कसं हाताळावं हे आमच्याकडून शिकावं. सारू कुणी केलं होतं हे त्या गोष्टीत कधी आलं नाही.

त्या दिवशी दुपारी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अण्णा जेवत होते, मी काही मागायला मागच्या दारी गेले होते. गोदक्का वाढत होती. अण्णांनी ताटावरून मान वर न करता बोट नुसतं हलवलं, तिनं सारू वाढलं. पुन्हा बोट हललं, तिनं तूप वाढलं. कुठला कोरिया आणि कुठला सुएझ! गोदक्का आपल्या घरी गेली तर ह्या बोटाकडे कोण बघणार होतं? जगाचा सगळा बाजार त्या ताटाभोवती फिरत होता. अण्णांना हे स्वतःला ठाऊक होतं का, हा प्रश्न मला पुढं पुष्कळांनी विचारला. मला त्यात रस नाही. ठाऊक असेल तर माणूस लबाड, नसेल तर ठोंब्या. गोदक्काच्या डोक्यावर छप्पर नव्हतं ते नव्हतंच.

तिच्याबरोबर शेंगा सोलता सोलता मी तिला स्पष्ट सांगितलं. "गोदक्का, अहो तुमचे अण्णा भावासाठी थांबलेले नाहीत. सारूसाठी थांबलेत."

तिनं सोललेले दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, "मला काय ते ठाऊक नाही होय गं? पण भाऊ आहे. त्याच्या तोंडून 'जा' निघावं असं वाटत होतं."

"निघणार नाही."

"सरी," ती म्हणाली. सरी म्हणजे ठीक आहे. पण ज्या तऱ्हेनं तिनं ते म्हटलं, त्यानं मी शेंग सोलायची थांबले.

पुढच्या महिन्यात अण्णा तुमकूरला नात्यातल्या एका मुंजीला गेले. गोदक्का म्हणाली, माझं अंग मोडून आलंय, मी नाही येत. अण्णांची टॅक्सी वळणापलीकडे गेली न गेली तोच ती पदर खोचून बाहेर पडली. संध्याकाळी येताना तिच्याबरोबर एक जाडजूड माणूस होता. शहराबाहेर त्याची दगडाची खाण होती. इकडे जुन्या घरांना दगडी फरश्यांचं छप्पर घालायची पद्धत आहे. लांबच लांब सपाट दगड भिंतीवर आडवे टाकायचे, वर चुना, की झालं. चप्पडी कल्लू म्हणतात त्या फरशीला. ह्या खाणवाल्याला स्वतःच्या घराचा स्लॅब घालायचा होता आणि परमिट मिळता मिळत नव्हतं. त्यानं मांडवाची एक सळई हातानं घासून बघितली. वरचा गंज झडला, आत लोखंड शाबूत होतं.

"ह्या सगळ्या सळया तुम्ही न्या," गोदक्का म्हणाली. "माझ्या दोन खोल्यांवर आणि स्वयंपाकघरावर फरश्या टाकून द्या. माणसं तुमची, चुना तुमचा."

तो हिशेब करायला लागला. तिनं हात वर केला. "हिशेब नको. इथं बारा महिने तेच ऐकते. होय की नाही, एवढंच सांगा."

तो होय म्हणाला. बाजार बाजार म्हणून अण्णा आयुष्यभर जो जप करत होते, तो बाजार मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. दोन माणसं, एकाकडे एक वस्तू जास्त, दुसऱ्याकडे दुसरी, आणि दोघं उभ्या उभ्या मोकळी. त्याला लंडन लागलं नाही.

रात्रीतून मांडव उतरला. अवरेचे वेल गोदक्कानं अलगद सोडवून पुन्हा कुंपणावर टाकले. अण्णा आठवड्यानं परतले तेव्हा तिकडे फरश्या चढल्या होत्या आणि इकडे परस मोकळं होतं. जमिनीवर फक्त तांबड्या गंजाचे लांब लांब पट्टे होते. अण्णा त्या पट्ट्यांकडे बघत उभे राहिले. बहीण जाते ह्याचं नाही, तिनं विचारलं नाही ह्याचंही नाही, त्यांनी पहिली गोष्ट काय विचारावी?

"कोणत्या भावानं दिल्यास?"

"छपराच्या भावानं दिल्या, अण्णा," गोदक्का म्हणाली आणि ट्रंक उचलून रिक्षात ठेवायला गेली. मी दुसरं टोक धरलं. एवढा आनंद मला माझ्या स्वतःच्या घराच्या वास्तुशांतीला झाला नाही.

त्यानंतरची गोष्ट अण्णांच्या वाट्याला आलेली सगळ्यात मोठी थट्टा आहे, आणि ती मी केलेली नाही. सरकारनं बऱ्याच मालावरचं नियंत्रण उठवलं. सळईचा भाव मोकळा झाला. आता तो खरोखरच रोज हलायला लागला. सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. सिटी मार्केटातले व्यापारी सैरभैर झाले. इतकी वर्षं अण्णा ज्याची वाट बघत होते तो दिवस उगवला होता. गल्लीतली माणसं जगलीपुढं जमली. अण्णा, आता? घ्यावं की थांबावं?

अण्णांनी पेपर वाचला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला. मग म्हणाले, "परिस्थिती बघायला पाहिजे."

फर्म नाही, ईझी नाही. भाव जोवर हलत नव्हता तोवर ह्या माणसाला सगळं कळत होतं. तो हलला आणि अण्णांची बोबडी वळली. लोक हळूहळू यायचे थांबले. नंतर मंदी आली, कामं बंद पडली, सळया दुकानांपुढं पडून राहिल्या. अण्णांनी तेही सांगितलेलं नव्हतं. ते दुपारी कॉफी हॉटेलात इडली खाऊन येत आणि इडलीला नावं ठेवत. मला त्यांची कीव आली असं लिहिलं तर बरं दिसेल. आली नाही.

ह्यांची बदली झाली तेव्हा निघायच्या आधी मी गोदक्काला भेटायला गेले. संध्याकाळची वेळ. तिच्या घरापुढं रांगोळी, दाराशी अवरेचा वेल, वर दगडाचं ते सपाट, ओबडधोबड, भक्कम छप्पर. दार आतून बंद होतं. आणि दाराबाहेर, जरीच्या काठाचा रुमाल, काळा कोट, बगलेत पेपर, अण्णा उभे होते. मला त्यांनी बघितलं नाही. मी वळणावरच थांबले.

त्यांनी कडी वाजवली. "गोदे."

आत भांड्यांचा आवाज होत होता.

"गोदे, जेवायला आलोंय. सारू आहे का?"

भांड्यांचा आवाज थांबला. आतून तिचा आवाज आला. राग नाही, घाई नाही, आपल्या घरात आपलं काम करणाऱ्या बाईचा आवाज.

"स्वल्प तडी, अण्णा."

अण्णांनी इकडे तिकडे बघितलं. मग बगलेतला पेपर काढला, न उघडताच पायरीवर पसरला आणि त्यावर बसून राहिले.